घटक ६ : इरावती कर्वे – तत्त्वज्ञानाच्या पदवीपासून मानवशास्त्रापर्यंत

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला
• इरावती कर्वे यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे क्रमाने सांगता येतील.
• तत्त्वज्ञानाची पदवी घेतलेली विद्यार्थिनी मानवशास्त्राकडे कशी वळली, याचे विवेचन करता येईल.
• नातेवाचक शब्दांचा उपयोग समाजाच्या अभ्यासासाठी कसा होतो, हे उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• त्यांच्या संशोधनाचा आणि ललित लेखनाचा परस्परसंबंध दाखवता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांमध्ये तुम्ही चरित्र या वाङ्मयप्रकाराचे स्वरूप पाहिले. या घटकात आपण एका व्यक्तीचे चरित्र एका विशिष्ट प्रश्नाच्या अनुरोधाने वाचणार आहोत. हा प्रश्न तुमच्या परिचयाचा आहे. परभणी, गंगाखेड, जिंतूर, सेलू, पाथरी अशा ठिकाणच्या अभ्यासकेंद्रांवर येणारे अनेक विद्यार्थी दिवसभर दुकान, शेत, अंगणवाडी, कार्यालय किंवा घर सांभाळून पुस्तक हाती घेतात. त्यांना घरातून, शेजारातून आणि कधी स्वतःच्या मनातूनही एकच विचारणा होत असते : बी. ए. करून पुढे काय?

ही विचारणा उडवून लावण्यासारखी नाही. वय वाढलेले असताना, प्रपंच मागे असताना शिक्षणावर वेळ आणि पैसा खर्च करणाऱ्याला तिचे उत्तर हवे असते. अभियांत्रिकी किंवा वैद्यकाची पदवी विशिष्ट व्यवसायाच्या दारापर्यंत नेऊन सोडते. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान या विषयांच्या पदवीपुढे असे ठरलेले दार नसते. मग तिचे फलित कोणते, हा विचार एखाद्या प्रत्यक्ष आयुष्याच्या आधाराने करावा, म्हणून या घटकासाठी इरावती कर्वे यांची निवड केली आहे.

मराठी वाचक त्यांना प्रामुख्याने 'युगान्त' या ग्रंथाच्या लेखिका म्हणून ओळखतो. मात्र त्यांनी बर्लिनच्या संशोधनसंस्थेत मानवी कवट्या मोजल्या होत्या, गुजरातमधील उत्खननात सापडलेल्या सांगाड्यांचा अभ्यास केला होता आणि कोयना धरणामुळे उठलेल्या गावांची पाहणी केली होती, हे अनेकांना ठाऊक नसते. या सर्व कामांचा प्रारंभ तत्त्वज्ञानाच्या एका पदवीतून झाला.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ बालपण आणि शालेय शिक्षण

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील म्यिंज्यान या गावी झाला. त्यांचे वडील गणेश हरी करमरकर तेथे कापसाच्या व्यवसायातील एका कंपनीत नोकरीस होते. ब्रह्मदेशाची जीवनवाहिनी असलेल्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवण्यात आले. पाच भावांमध्ये ही एकच मुलगी होती.

वयाच्या सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्याच्या हुजूरपागेत पाठवण्यात आले. १८८४ मध्ये स्थापन झालेली ही शाळा मुलींच्या शिक्षणाचे त्या काळातील एक महत्त्वाचे केंद्र होती. समुद्रापलीकडे असलेले आईवडील आणि वसतिगृहातील वास्तव्य अशा परिस्थितीत त्यांचे बालपण गेले. शाळेत त्यांची शकुंतला परांजपे यांच्याशी मैत्री झाली आणि पुढे परांजपे कुटुंबाने त्यांना आपल्याच घरी ठेवून घेतले. शकुंतलाबाईंचे वडील रँग्लर र. पु. परांजपे हे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्या घरात ग्रंथांचा सहवास होता, मोकळी चर्चा होती आणि कोणतेही मत तपासून घेण्याची सवय होती.

त्या वेळी परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. येथील विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी हैदराबादची वाट धरावी लागे आणि मुलींसाठी ती वाट जवळजवळ बंदच होती. इरावतीबाईंना मिळालेली संधी किती विरळ होती, हे यावरून तुमच्या लक्षात येईल. या मुद्द्याकडे आपण शेवटी पुन्हा वळणार आहोत.

६.२.२ तत्त्वज्ञानाची पदवी आणि पहिले वळण

फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान हा विषय घेऊन इरावतीबाई १९२६ मध्ये बी. ए. झाल्या. तत्त्वज्ञानाचा पदवीधर त्या काळी सामान्यतः अध्यापनाकडे किंवा कायद्याच्या शिक्षणाकडे वळत असे. इरावतीबाईंना दक्षिणा फेलोशिप मिळाली आणि त्या मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागात दाखल झाल्या.

हा विभाग तेव्हा नवाच होता. पॅट्रिक गेडिस यांनी १९१९ मध्ये त्याची उभारणी केली होती आणि १९२४ पासून गोविंद सदाशिव घुर्ये त्याचे प्रमुख होते. घुर्ये हे स्वतः मूळचे संस्कृतचे पदवीधर होते आणि तेथून समाजशास्त्राकडे आले होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली इरावतीबाईंनी चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला आणि १९२८ मध्ये एम. ए. पदवी मिळवली. त्या स्वतः चित्पावन कुटुंबात जन्मल्या होत्या. आपण ज्या समूहात वाढलो त्याच्याकडे परक्याच्या नजरेने पाहणे, त्याच्या चालीरीतींची आणि दंतकथांची छाननी करणे, हा त्यांच्या अभ्यासाचा पहिला धडा ठरला.

येथे एक गोष्ट नीट पाहा. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी 'माणूस म्हणजे काय?' हा प्रश्न विचार आणि तर्क यांच्या साहाय्याने सोडवू पाहतो. इरावतीबाईंनी हा प्रश्न सोडला नाही. त्याचे उत्तर शोधण्याची जागा मात्र त्यांनी बदलली. ग्रंथालयातून त्या घराघरांत, जातीजातींत आणि पुढे प्रयोगशाळेत गेल्या. विषयांतर वाटणारी ही वाटचाल वस्तुतः एकाच प्रश्नाचा पाठपुरावा होती.

याच सुमारास त्यांचा विवाह दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला. दिनकरराव हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचे स्वतःचे उच्च शिक्षण जर्मनीत झाले होते. पत्नीनेही तेथे जाऊन संशोधन करावे, असा त्यांनी आग्रह धरला. महर्षींचा मात्र या परदेशगमनास विरोध होता. स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या समाजसुधारकाच्या घरातही सुनेने एकटीने परदेशी जाणे सहज मान्य झाले नाही, ही बाब त्या काळाची मर्यादा दाखवून देते. अखेर १९२८ च्या अखेरीस इरावतीबाई जर्मनीला रवाना झाल्या.

६.२.३ बर्लिन : मोजमाप आणि सत्य

बर्लिनमध्ये त्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत दाखल झाल्या. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. मानवशास्त्राबरोबर प्राणिशास्त्र, संस्कृत आणि तत्त्वज्ञान हे विषयही त्यांच्या अभ्यासात होते. भाषेचा आणि तत्त्वचिंतनाचा धागा येथेही तुटला नाही.

त्यांच्या प्रबंधाचा विषय मानवी कवटीची असममिती हा होता. कोणत्याही माणसाच्या कवटीची डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. फिशर यांचा कयास असा होता की, ही असममिती वंशावर अवलंबून असावी. युरोपीय लोकांच्या कवटीत ती अधिक असेल आणि तिचा संबंध त्यांच्या मानलेल्या बौद्धिक श्रेष्ठत्वाशी जोडता येईल, अशी त्यांची अपेक्षा होती. हे गृहीतक पडताळून पाहण्याचे काम एका भारतीय विद्यार्थिनीकडे आले.

इरावतीबाईंनी संस्थेच्या संग्रहातील वेगवेगळ्या प्रदेशांतील लोकांच्या कवट्या काळजीपूर्वक मोजल्या, आकडे मांडले आणि त्यांची तुलना केली. असममिती सर्वत्र आढळत होती. तिचा वंशाशी असलेला संबंध मात्र आकड्यांतून सिद्ध होत नव्हता. त्यांनी आपल्या प्रबंधात तोच निष्कर्ष नोंदवला.

या प्रसंगाचे गांभीर्य समजून घ्या. परक्या देशात, परक्या भाषेत, उसन्या पैशांवर शिकणारी एक तरुण स्त्री. तिची पदवी ज्यांच्या हाती आहे त्या मार्गदर्शकांचाच कयास तिच्या मोजमापाला पटत नाही. आकडे थोडे सैल सोडून, शब्द थोडे गोल करून वेळ निभावून नेता आली असती. त्यांनी तसे केले नाही. पुढे १९३३ नंतर नाझी राजवटीच्या वंशविषयक धोरणाला ज्या शास्त्रज्ञांनी विद्वत्तेचा आधार पुरवला, त्यांत फिशर यांचे नाव ठळक आहे. त्या धोरणाने किती माणसांचा बळी घेतला, हे जगाने पाहिले. त्यामुळे १९३० च्या सुमारास त्याच संस्थेत लिहिल्या गेलेल्या या प्रबंधाचे मोल आज अधिक जाणवते.

मोजण्याचे तंत्र इरावतीबाई बर्लिनमध्ये शिकल्या. प्रतिष्ठित मताला पुरावा मागण्याची वृत्ती मात्र त्या पुण्याहून सोबत घेऊन गेल्या होत्या. मानव्यविद्यांचे शिक्षण माणसाला काय देते, या प्रश्नाचे एक उत्तर येथे मिळते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) इरावती कर्वे यांचे नाव कशावरून ठेवण्यात आले?
(आ) त्यांनी बी. ए. पदवीसाठी कोणता विषय घेतला होता?
(इ) बर्लिन येथील प्रबंधाचा निष्कर्ष कोणता होता?

६.२.४ परतल्यावरची वर्षे

डॉक्टरेट मिळवून इरावतीबाई भारतात परतल्या, तेव्हा त्यांच्या ज्ञानशाखेसाठी त्यांना साजेशी जागा तयार नव्हती. १९३१ ते १९३६ या काळात त्यांनी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात कुलसचिव म्हणून काम केले. बर्लिनची डॉक्टरेट मिळवलेली संशोधक पत्रव्यवहार, परीक्षा आणि नोंदवह्या यांच्या व्यवस्थेत होती. आवडीचे काम आणि उपजीविकेचे काम वेगळे असण्याची ही स्थिती तुमच्यापैकी अनेकांच्या अनुभवाची आहे. चरित्र वाचताना अशा वर्षांकडे आपले दुर्लक्ष होते, कारण त्यांत घटना कमी असतात. परंतु पुढील कामाची ओढ जिवंत ठेवणे हे याच वर्षांत घडावे लागते.

६.२.५ डेक्कन कॉलेज आणि क्षेत्रीय संशोधन

पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये पदव्युत्तर अध्ययन व संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले. त्याच वर्षी इरावतीबाई तेथे समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून रुजू झाल्या आणि त्यांचे उर्वरित संशोधनजीवन त्या संस्थेतच गेले. या संस्थेची रचना त्यांच्या स्वभावाला मानवणारी होती. भाषाशास्त्रात सु. मं. कत्रे, पुरातत्त्वात ह. धी. सांकलिया आणि समाजशास्त्र-मानवशास्त्रात इरावती कर्वे, अशी मंडळी एकाच आवारात काम करत होती. एका शाखेचा प्रश्न दुसऱ्या शाखेच्या दालनात नेणे तेथे सहज शक्य होते.

या काळातील त्यांच्या कामाचा पल्ला थक्क करणारा आहे. सांकलिया यांच्याबरोबर त्या गुजरातमधील लांघणज येथील प्रागैतिहासिक स्थळावरील संशोधनात सहभागी झाल्या आणि तेथे सापडलेल्या मानवी सांगाड्यांचा त्यांनी अभ्यास केला. महाराष्ट्रातील विविध जातिसमूहांची शारीरिक मोजमापे घेऊन त्यांनी वि. म. दांडेकर यांच्या सहकार्याने संख्याशास्त्रीय पद्धतीने त्यांचे विश्लेषण केले. हा अभ्यास १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४७ मध्ये भारतीय विज्ञान परिषदेच्या दिल्ली अधिवेशनात त्या मानवशास्त्र विभागाच्या अध्यक्ष होत्या. तत्त्वज्ञानाची पदवीधर शास्त्रज्ञांच्या परिषदेत अध्यक्षस्थानी बसली, यात योगायोगाचा भाग नव्हता. मधल्या एकवीस वर्षांत त्यांनी गरजेनुसार एकेक नवे साधन आत्मसात केले होते.

जातिसंस्थेविषयीही त्यांनी स्वतंत्र भूमिका घेतली. एक मूळ समाज फुटून त्याच्या जाती आणि पोटजाती झाल्या, हे घुर्ये यांचे प्रतिपादन त्यांना पुरेसे वाटले नाही. महाराष्ट्रातील कुंभारांच्या निरनिराळ्या गटांकडे पाहून त्यांनी दाखवले की, एका व्यवसायनामाखाली येणारे हे गट परस्परांत विवाह करत नाहीत आणि त्यांच्या कामाच्या पद्धतीही भिन्न आहेत. मुळात वेगळे असलेले समूह एका नावाखाली एकत्र आले असावेत, असा त्यांचा विचार होता. 'हिंदू सोसायटी : ॲन इंटरप्रिटेशन' या १९६१ मधील ग्रंथात तो सविस्तर आला आहे. ज्या गुरूंनी समाजशास्त्रात आणले, त्यांच्याशीही मतभेद नोंदवण्यास त्या कचरल्या नाहीत.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी धरणग्रस्तांचा प्रश्न हाती घेतला. कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांची पाहणी करून त्यांनी जाई निंबकर यांच्यासमवेत १९६९ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. गाव उठते तेव्हा जमिनीबरोबर सोयरीक, शेजार आणि देवस्थान यांची घडीही मोडते. ती पुन्हा बसवण्याचे काम केवळ भरपाईच्या रकमेने होत नाही. जायकवाडी, येलदरी अशा प्रकल्पांच्या परिसरात राहणाऱ्या मराठवाड्यातील वाचकाला या विषयाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही.

६.२.६ नात्यांच्या शब्दांचा नकाशा

आता आपण त्यांच्या सर्वांत महत्त्वाच्या संशोधनग्रंथाकडे वळू. 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' हा ग्रंथ १९५३ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. भाषेच्या विद्यार्थ्याला तो विशेष जवळचा वाटावा असा आहे, कारण त्यातील पुराव्याचा फार मोठा भाग शब्दांचा आहे.

आसामपासून केरळपर्यंत आणि गुजरातपासून ओरिसापर्यंत प्रवास करून इरावतीबाईंनी भारतीय भाषांतील नातेवाचक शब्द गोळा केले. त्यांना वेद, महाभारत यांसारख्या ग्रंथांतील उल्लेखांची आणि प्रत्यक्ष विवाहपद्धतींची जोड दिली. त्यावरून त्यांनी आप्तसंबंधांच्या दृष्टीने भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग मांडले. उत्तर विभागात रक्ताच्या जवळच्या नात्यांत विवाह निषिद्ध असतो. मुलगी अनोळखी घरात जाते. दक्षिण विभागात मामाच्या किंवा आत्याच्या अपत्याशी विवाह रूढ असतो आणि मुलगी बहुधा ओळखीच्या घरात जाते. महाराष्ट्राचा समावेश त्यांनी मध्य विभागात केला. येथे दोन्ही पद्धतींच्या खुणा एकत्र आढळतात. अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह चालतो, परंतु आत्याच्या मुलीशी चालत नाही.

हे समजून घेण्यासाठी तुमच्या घरातील बोली आठवा. हिंदी भाषक मामाला मामा आणि सासऱ्याला ससुर म्हणतो. ही दोन नाती एका माणसात एकत्र येण्याचा तेथे सहसा प्रश्नच नसतो. तेलुगू भाषक मात्र मामा आणि सासरा या दोघांसाठी मूलतः एकच शब्द वापरतो. आत्या आणि सासू या दोघींनाही तेलुगूत अत्त म्हणतात. कन्नडमध्ये माव आणि अत्ते या शब्दांची स्थिती अशीच आहे. मामाच सासरा होत असेल, तर दोन शब्दांची आवश्यकता काय?

मराठीत सासू आणि सासरा हे शब्द उत्तरेकडील भाषांशी नाते सांगणारे आहेत. परंतु नव्याने घरात आलेली सून सासऱ्यांना मामंजी म्हणते आणि अनेक खेड्यांत सासूला आत्याबाई म्हणते. सून ही सासूच्या भावाची मुलगी असेल, तर सासू तिची खरोखरच आत्या असते आणि आत्याचा नवरा हा बोलीत मामा असतो. म्हणजे नात्याचे नाव उत्तरेकडचे आणि हाक मारण्याची रीत दक्षिणेकडची, अशी ही मराठी घराची घडण आहे. अक्का, अण्णा, अप्पा ही दक्षिणेकडील भाषांशी जुळणारी संबोधनेही आपण रोज उच्चारतो. परभणी जिल्ह्याच्या पूर्वेला थोड्याच अंतरावर तेलुगू भाषेचा प्रदेश सुरू होतो. येथील घरांत वाढलेल्या विद्यार्थ्याच्या कानावर हा संगम लहानपणापासून पडलेला असतो. तो ऐकू येणे आणि त्यातील व्यवस्था दिसणे, यांतील अंतर म्हणजेच अभ्यास होय.

शब्द हा समाजाच्या जुन्या व्यवहाराचा साक्षीदार असतो, ही जाण कोणत्याही मोजमापाच्या साधनाने मिळत नाही. ती भाषा, साहित्य आणि परंपरा यांच्या व्यासंगातून येते. बर्लिनमध्ये शिकलेल्या शास्त्रज्ञेला तिच्या मानव्यविद्येच्या पायाने येथे पुन्हा हात दिला.

६.२.७ ललित लेखन आणि 'युगान्त'

इरावतीबाईंनी संशोधनग्रंथ बहुतांशी इंग्रजीत लिहिले, तर ललित लेखनासाठी मराठी निवडली. 'परिपूर्ती' हा त्यांचा ललित निबंधसंग्रह १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे 'भोवरा' आणि निधनानंतर 'गंगाजल' हे संग्रह आले. 'मराठी लोकांची संस्कृती' हा त्यांचा मराठी ग्रंथ १९५१ चा आहे.

'परिपूर्ती' या शीर्षकनिबंधात एका समारंभातील ओळख करून देण्याचा प्रसंग आहे. कोणाची मुलगी, कोणाची सून, कोणाची पत्नी अशी लेखिकेची ओळख सांगितली जाते, तरी तिला काहीतरी अपुरे वाटत राहते. अखेर रस्त्यावरील शाळकरी मुले तिला आपल्या वर्गातील कर्वे नावाच्या मुलाची आई म्हणून ओळखतात आणि ती ओळख पूर्ण होते. निबंध खेळकर आहे. परंतु नात्यांच्या जाळ्यात स्त्रीचे स्वत्व कोठे असते, हा त्यामागील प्रश्न पुढे १९५३ च्या ग्रंथात शास्त्रीय रूपाने भेटतो.

पंढरपूरच्या वारीतही त्या पायी चालल्या आणि त्या अनुभवावर त्यांनी लिहिले. वारकऱ्यांचा जिव्हाळा त्यांनी मनापासून अनुभवला. त्याच वेळी एकाच दिंडीत भजन करणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा स्त्रियांच्या पंगती मात्र वेगळ्या बसतात, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. संत जनाबाईंच्या गंगाखेडला वारीचे महत्त्व सांगावे लागत नाही. भक्तीत रमूनही भेद पाहू शकणारी ही दृष्टी मात्र अभ्यासण्याजोगी आहे.

'युगान्त' १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आधार घेऊन त्यांनी गांधारी, कुंती, द्रौपदी, भीष्म, कर्ण, कृष्ण या व्यक्तिरेखांचा विचार केला. भीष्माच्या त्यागाची त्यांनी किंमत काढली आणि त्या त्यागापायी किती स्त्रियांची आयुष्ये पणाला लागली, हे दाखवले. विदुर आणि युधिष्ठिर यांच्यात पितापुत्राचे नाते असण्याची शक्यता तपासताना त्यांनी नियोगाच्या प्रथेचा आणि दिराच्या स्थानाचा विचार केला. खांडववनाच्या दहनात त्यांना जमिनीसाठी केलेला संहार दिसला. आप्तसंबंधांचा इतका व्यासंग नसता, तर महाभारत हे एका कुळाच्या नात्यांचे महाकाव्य म्हणून अशा रीतीने वाचले गेले नसते. साहित्याची आवड, संस्कृतचे ज्ञान, समाजशास्त्राची पद्धत आणि तत्त्वज्ञानाची विचारपूस हे चारही प्रवाह येथे एकत्र आले.

११ ऑगस्ट १९७० रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. वयाची पासष्ट वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

६.२.८ मूल्यमापन आणि मर्यादा

चरित्राचा अभ्यास करताना केवळ गौरवाने काम भागत नाही. इरावतीबाईंच्या कामालाही मर्यादा आहेत. शारीरिक मोजमापांवरून समूहांचे मूळ शोधण्याची पद्धत पुढे मागे पडली. समाजाचे वर्णन करताना त्यांनी प्राचीन संस्कृत ग्रंथांवर अधिक भार दिला, असाही आक्षेप अभ्यासकांनी घेतला आहे. चार विभागांची त्यांची मांडणी स्थूल असून प्रत्येक विभागात अपवाद आढळतात.

दुसरी गोष्ट संधीची. परांजप्यांचे घर, कर्व्यांचे घर, फेलोशिप आणि पत्नीच्या शिक्षणासाठी आग्रह धरणारा पती हे सर्व त्यांना लाभले. त्या काळातील बहुसंख्य स्त्रियांना, विशेषतः वंचित जातींतील आणि खेड्यांतील स्त्रियांना, यांपैकी काहीही मिळाले नाही. म्हणून हे चरित्र यशाचे सूत्र म्हणून वाचू नका. कोणी तत्त्वज्ञानाची पदवी घेतली की त्याला बर्लिनचा मार्ग सापडतो, असा याचा अर्थ होत नाही.

मग यातून घ्यावयाचे ते काय? इरावतीबाईंचा पुढचा व्यवसाय त्यांच्या पदवीवर लिहिलेला नव्हता. पदवीने त्यांना प्रश्न विचारण्याची रीत दिली. प्रश्न पक्का होता, म्हणून साधने बदलत गेली तरी त्या भरकटल्या नाहीत. जर्मन भाषा लागली तेव्हा जर्मन, कवटी मोजावी लागली तेव्हा मोजमाप, आकडे आले तेव्हा संख्याशास्त्र आणि महाभारत समोर आले तेव्हा निबंध. बी. ए. करून पुढे काय, या विचारणेचे उत्तर एखाद्या पदनामात शोधू गेल्यास ते कदाचित सापडणार नाही. आपल्याला कोणता प्रश्न सोडवत नाही आणि त्यासाठी पुढचे कोणते साधन शिकावे लागेल, असे विचारल्यास पुढचे एक पाऊल तरी निश्चित दिसते. इरावतीबाईंनाही प्रत्येक वेळी एकच पाऊल दिसत होते.

६.३ सारांश

इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांनी तत्त्वज्ञानाची पदवी घेतल्यानंतर मुंबईत समाजशास्त्राचे आणि बर्लिनमध्ये मानवशास्त्राचे शिक्षण घेतले. कवटीच्या असममितीचा वंशाशी संबंध सिद्ध होत नाही, हा निष्कर्ष त्यांनी मार्गदर्शकांच्या अपेक्षेविरुद्ध नोंदवला. डेक्कन कॉलेजमध्ये त्यांनी मानवमिती, प्रागितिहास, जातिसंस्था, आप्तसंबंध आणि विस्थापन या विषयांवर संशोधन केले. नातेवाचक शब्दांच्या आधारे त्यांनी भारताचे चार विभाग मांडले. 'युगान्त' आणि ललित निबंध यांत त्यांची शास्त्रीय दृष्टी आणि साहित्यिक संवेदना एकत्र आल्या. विषय बदलले तरी माणूस समजून घेण्याचा प्रश्न कायम राहिला.

६.४ शब्दार्थ

आप्तसंबंध : रक्ताने किंवा विवाहाने जुळलेली नाती आणि त्यांची व्यवस्था.
असममिती : दोन बाजूंमध्ये सारखेपणा नसणे.
मानवमिती : मानवी शरीराची शास्त्रीय मोजमापे घेण्याची पद्धत.
नियोग : पतीच्या अभावी किंवा असमर्थतेत अन्य पुरुषाकडून संततिप्राप्तीची प्राचीन प्रथा.
गृहीतक : पडताळणीसाठी आधी मानलेले विधान.
चिकित्सक आवृत्ती : अनेक हस्तलिखितांची तुलना करून सिद्ध केलेली ग्रंथाची आवृत्ती.

६.५ स्वयं-अध्ययनासाठीच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) ब्रह्मदेशातील इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवण्यात आले. (आ) त्यांनी तत्त्वज्ञान हा विषय घेतला होता. (इ) मानवी कवटीच्या असममितीचा वंशाशी संबंध सिद्ध होत नाही, हा तो निष्कर्ष होता.

६.६ सरावासाठी स्वाध्याय

१. इरावती कर्वे यांच्या वाटचालीतील वळणे सांगून त्यांमागील समान सूत्र स्पष्ट करा.
२. बर्लिनमधील संशोधनाच्या आधारे संशोधकाच्या प्रामाणिकपणाचे महत्त्व विशद करा.
३. 'युगान्त'च्या लेखनास समाजशास्त्रीय व्यासंगाचे साहाय्य कसे झाले, ते लिहा.

६.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातील किंवा वस्तीतील मराठी, उर्दू, तेलुगू, बंजारा अशा शक्य तितक्या भाषा बोलणाऱ्या पाच कुटुंबांना भेटा. मामा, आत्या, सासू, सासरा, दीर, नणंद, मेहुणा या नात्यांसाठी ते कोणता शब्द वापरतात आणि प्रत्यक्ष हाक कशी मारतात, याची स्वतंत्र नोंद करा. शब्द आणि हाक जेथे वेगळे आहेत, तेथे थांबून त्याचे कारण घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. मिळालेली माहिती तक्त्यात मांडून दोन पानांचे टिपण लिहा आणि ते अभ्यासकेंद्रावरील चर्चासत्रात सादर करा.